बारूदवालीची पावलं

आमच्या सूनबाईने देवीला नवसात आग बोलली, तिथून सगळं रामायण सुरू झालं.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटायचं नाही. नवस म्हटला की दिवा आला, ज्योत आली. पण आमची देवी करधईगढ किल्ल्याच्या पोटात बसलेली आहे आणि करधईगढात फौजेचा दारूगोळा आहे. माझ्या सासूच्या तरुणपणी फौज आली, किल्ला ताब्यात घेतला, राजाच्या घोड्यांच्या पागेत बाँब भरले आणि दरवाजाबाहेर रस्त्यावर एक जाड पांढरी रेघ मारली. त्या रेघेच्या आत काडेपेटी नाही, विडी नाही, मोबाईल नाही, खिळे मारलेली चप्पल नाही. तेव्हापासून देवीचं जुनं नाव कोणी घेत नाही, सगळे तिला बारूदवाली म्हणतात. वर्षातून एकदा, चैत्राच्या नवमीला, फौज आम्हाला तिच्या दर्शनाला आत सोडते. आमच्या पनखेऱ्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, बारूदवालीला लुगडं बोल, चांदीचे डोळे बोल, पायी येईन म्हण, लोळत येईन म्हण, पण आग बोलू नकोस.

सून अनोखी पडली कन्नौजकडची. तिच्या माहेरी अत्तराच्या भट्ट्या, देवळाला ना पहारा ना दरवाजा. तिला हे कोण सांगणार? आणि सांगायची वेळच आली नाही, कारण नवस फिटेपर्यंत तोंडातून काढायचा नाही असा त्यांच्याकडचा रिवाज. सहा-सात महिने ही बाई पोटात नवस घेऊन घरात वावरत होती आणि मला पत्ता नाही. माझ्या घरात मला पत्ता नाही, हे मला आधी लागलं, खोटं कशाला बोलू.

झालं होतं असं की भादव्यात माझ्या धाकट्याला, अनोखीच्या नवऱ्याला, हलकेला पानमळ्यात साप चावला. पानमळ्यात आम्ही चौरसिया लोक चप्पल घालून जात नाही. वेल म्हणजे लक्ष्मी, तिच्या घरात अनवाणीच जायचं. आणि सापाला तर असली जागा हवीच असते, वर गवताचं छप्पर, खाली ओल, भर उन्हाळ्यातही गारवा. हलकेचा पाय मांडीपर्यंत काळानिळा पडला. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेला तेव्हा त्याची मान ठरत नव्हती, श्वास अडकत चालला होता. मी तिथे बाकावर बसून छाती बडवत होते आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, घाबरली असेल. ती तेव्हा देवीशी बोलत होती. हा माणूस उठून आपल्या पायांनी चालला तर मी माझ्या उंबऱ्यावर पेटवलेली ज्योत घेऊन येईन, वाटेत विझू देणार नाही आणि तुझ्या पायाशी ठेवीन. एवढं सगळं एका दमात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

हलके उठला आणि चालू लागला. पाच-सहा किलो वजन उतरलं तेवढंच.

मग चैत्र लागला, घराघरात टोपल्यांत माती घालून जवारे पेरले, आणि अनोखी मला म्हणाली, "अम्मा, भोकं पाडलेला घट कुठे मिळेल? आत दिवा ठेवला की वारा लागणार नाही असा."

"तो कशाला?"

"नवमीला किल्ल्यात ज्योत न्यायची आहे. बोलले होते मी."

माझ्या हातातलं पाणी जवाऱ्यांऐवजी माझ्याच पायावर पडलं. "काय बोलली होतीस?"

तिने सगळं सांगितलं. मी डोकं धरून बसले. तेवढ्यात हलके आला आणि हसायला लागला. म्हणाला, "मला इंजेक्शनने वाचवलं. ज्योत नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेव."

"तुम्ही गप बसा," अनोखी म्हणाली. "इंजेक्शन संपलं होतं ना तिथे? मग दुसऱ्या दवाखान्यातून गाडीतून इंजेक्शन घेऊन आला तो माणूस कोणी पाठवला?"

या बाबतीत हलके बापावर गेलाय, बायकोने एक प्रश्न विचारला की चारी मुंड्या चीत.

मी तिला समजावलं. म्हटलं, बहू, नवस बदलून घे. तिला पैठणीसारखं भारी लुगडं दे, चांदीची पावलं वाहा, मी माझी गळ्यातली हसळी मोडून देते. देवी काय वकील आहे, कागद काढून बसायला?

"अम्मा," ती म्हणाली, "मी ज्योत बोलले तेव्हा यांचा श्वास चालू झाला. लुगडं बोलले असते तर चालू झाला असता की नाही, मला काय माहीत? तिने माझं ऐकलं ते जसंच्या तसं ऐकलं. आता मी अर्धं देऊ?"

यावर मी चिडले. उत्तर नसलं की मी चिडते, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

पण चिडून काय उपयोग? पोरगी आतून पोखरली जात होती. नवस राहिला तर देवी दिलेलं परत घेणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हलके पानमळ्यात शिरला की ही काठी घेऊन पुढे. जमिनीवर आपटत, आपटत, ओळीओळीतून. त्याला उचकी लागली तरी हिचा चेहरा पांढराफटक. ताटातली भाकरी दोन घासांनंतर तशीच. मला तिचा राग येत होता आणि मला तिच्यासाठी वाईटही वाटत होतं, आणि एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटायला लागलं की जीव थकतो.

नवमीच्या सकाळी तिने उंबऱ्यावर ज्योत पेटवली, भोकांच्या घटात ठेवली, घट छातीशी धरला आणि निघाली. मी डोक्यावर जवारे घेतले. हलके मागे तेलाचा डबा घेऊन. त्याचे बापू पानमळा राखायला घरीच राहिले, त्यांना या भानगडीतून सुटका हवी होती.

वाटेत गावातल्या सगळ्या बायका भेटल्या. हिरवेगार जवारे डोक्यावर, अंगावर नवी लुगडी, ढोल वाजतोय, गाणी चाललीत. माझी जाऊ बिट्टन अनोखीच्या हातातला घट बघून थबकली.

"जिज्जी, हे काय गं? तुझी सून किल्ला उडवायला निघाली की काय?"

"तुझ्या घरापासून सुरुवात करणार आहे," मी म्हटलं.

बिट्टन हसली, पण मग अनोखीकडे बघून तिने हसू आवरलं. अनोखी कुणाकडे बघतच नव्हती. तिची नजर घटाच्या भोकावर. वारा आला की पाठ वळवायची, थांबायची, वारा गेला की चालायची. उन्हाने तिचे गाल तापलेले, घटाचा दाह छातीला, पण हात हलला नाही. चढाच्या वाटेवर हलके म्हणाला, "दे थोडा वेळ माझ्याकडे." ती म्हणाली, "तुमच्यासाठीच आहे ना, मग तुम्ही कसे धराल?" मी मनात म्हटलं, अशी निष्ठा मी देवळातल्या पुजाऱ्यातही पाहिली नाही.

किल्ल्यापाशी पोचलो. रेघेच्या अलीकडे दोन जवान टेबल लावून बसले होते. तिथे सगळ्यांच्या काडेपेट्या, विड्या, मोबाईल काढून घेत होते. कुणाच्या कमरेला तंबाखूची चंची सापडली, कुणाच्या लुगड्यात लायटर. बुधिया नावाच्या म्हातारीच्या केसांत दोन काड्या खोचलेल्या निघाल्या, ती म्हणाली कान कोरायला ठेवल्यात. जवान तिच्यापेक्षा पक्का, त्याने त्या काढून घेतल्या आणि तिच्या हातात कापूस दिला.

अनोखी रेघेपाशी आली तशी जवान ताडकन उठला. "थांबा! तिथेच थांबा!"

ती थांबली. रेघेच्या अगदी काठाला, पण अलीकडे. आतून सुभेदार आले. जमवाल त्यांचं नाव, जम्मूकडचे, मिशा पांढऱ्या, गणवेशाला अशी इस्त्री की बोट लावलं तर कापेल. गेल्या वर्षीही हेच होते. माझ्या गुडघ्यांना चढ झेपत नाही हे बघून त्यांनी पाणी मागवलं होतं, म्हणून मला माणूस आवडतो.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ज्योत आहे, साहेब," मी म्हटलं. "माझी सून आहे. हिने नवस बोललाय." आणि मी थोडक्यात सगळं सांगितलं. साप, दवाखाना, भिंत. सांगताना मला वाटत होतं की आपण मूर्खासारखं काहीतरी मागतोय.

सुभेदारांनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग ते अनोखीला म्हणाले, "बेटी, माझं घर देवीच्या डोंगराखाली आहे. मी काही नास्तिक माणूस नाही. पण आत काय ठेवलंय ते मला माहीत आहे. एक ठिणगी गेली तर देवी राहील, ती दगडाची आहे. तू राहणार नाहीस, मी राहणार नाही, तुमचं गाव राहणार नाही. ही ज्योत मी आत सोडू शकत नाही. जनरल आला तरी सोडणार नाही."

"मी आत सोडा म्हणतच नाही," अनोखी म्हणाली.

"मग?"

"मी इथे उभी राहते."

"किती वेळ?"

"ज्योत आहे तोवर."

सुभेदारांची नजर हलकेच्या हातातल्या तेलाच्या डब्यावर गेली. चांगला मोठा डबा होता. त्यांनी कपाळाला हात लावला.

"विझवून आत जा ना, बेटी. बाहेर येऊन पुन्हा पेटव."

"विझवायची नाही असं बोलले होते मी."

सुभेदार जवानाला म्हणाले, "वाळूची बादली आण, हिच्या बाजूला ठेव. आणि पाणी दे हिला. उन्हात उभी राहणार आहे." मला म्हणाले, "माताजी, तुम्ही जाऊन या. ही कुठे जात नाही." हुकूम आणि दया एकाच सुरात. मला वाटलं, याच्या आईने याला नीट वाढवलंय.

आम्ही मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, एकेक करून वाकून आत गेलो. मोठा दरवाजा आमच्यासाठी उघडत नाही. हत्तीने धडक मारू नये म्हणून त्यावर वीतभर लांबीचे खिळे आहेत, आणि त्या प्रत्येक खिळ्याला फौज तेल लावते. खोटं वाटेल, पण गंजाचा ठिपका नाही.

मला दर वर्षी इथे आलं की छाती भरून येते, आणि त्या दिवशी रागाच्या भरातही आलीच. आमच्या तहसिलात दुसराही एक किल्ला आहे, तो कुणाच्याच ताब्यात नाही. त्याच्या भिंतींवर सगळ्या प्रेमवीरांनी आपापल्या पोरींची नावं कोरलीत, बुरुजावरचे दगड लोकांनी घरं बांधायला नेलेत, आणि राणीच्या हमामात बकऱ्या विताहेत. करधईगढाच्या भिंतीवर एक अक्षर नाही. काळ्या दगडात दगड असा बसवलाय की मधे नख जात नाही, आणि फौजेने तो तसाच ठेवलाय. कडुनिंबाच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वाटेवर एक पान पडलेलं नाही. मधल्या तळ्याचं पाणी इतकं नितळ की पायऱ्या तळापर्यंत दिसतात. कोठारांच्या लोखंडी दारांपुढे जवान उभे, आमच्याकडे तोंड करून, चेहरे घट्ट. पण एकीच्या डोक्यावरचे जवारे कलले तर त्यातलाच एक पुढे झाला, टोपली सावरली आणि पुन्हा जागेवर जाऊन पुतळा झाला. ज्याने हा किल्ला बांधला त्या राजालाही असे पहारेकरी मिळाले नसतील.

तटावरून आमचे पानमळे दिसतात. खाली गवताच्या छपरांचे चौकोन, मधून पाण्याचे पाट, पलीकडे गाव, त्याच्याही पलीकडे बाजाराचा रस्ता. हे असं वरून बघायला वर्षातून एक दिवस मिळतो. पण त्या दिवशी मला त्या चौकोनांत अनोखी काठी आपटत फिरताना दिसत होती.

देवी तळ्याच्या काठाला, कातळाच्या कपारीत आहे. कोरलेली, उभी, माझ्या उंचीची. अंधार असतो तिथे, वर एक विजेचा दिवा लावलाय, तोही जाड काचेत बंद. फौजेचे पंडितजी नवमीच्या पहाटे तिला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, डोक्यापासून पायापर्यंत. ओला, जाड, केशरी. पावलं दगडातून पुढे आलेली आहेत, बोटं सुटी सुटी दिसतात. एकेक बाई पुढे जाते, जवारे ठेवते, ओटी भरते, पाया पडते. पंडितजी तेवढं "चला, पुढे चला" म्हणत असतात.

आमच्याकडे बाई पाया पडते ती हाताने नाही. पदराचं टोक दोन्ही हातांत ताणून धरायचं, पावलांना लावायचं, कपाळाला लावायचं, असं पाच वेळा. सासूच्या, आजेसासूच्या, देवीच्या, सगळ्यांच्या पाया असंच पडायचं. मीही पदर धरला. पण त्या दिवशी मी पाया पडत नव्हते, भांडत होते.

मी पदर तिच्या पावलांवर दाबला आणि म्हटलं, ऐकायचं असतं तर धड ऐकायचं. तुला माहीत होतं ना तुझ्या घरी आग चालत नाही, मग त्या पोरीचं बोलणं घेतलंसच कशाला? घेतलंस तर निस्तर. ती बाहेर उन्हात उभी आहे. ती हलणार नाही, मी ओळखते तिला, ती मेली तरी हलणार नाही. माझा मुलगा दिलास, उपकार झाले. आता त्याच्या बायकोला अशी सुकवून मारणार आहेस का? तिला सोडव. मला काही सुचत नाही, मी म्हातारी झाले, तूच काहीतरी कर.

"माताजी," पंडितजी म्हणाले, "मागे रांग आहे."

"थांबा हो, जरा बोलू द्या," मी म्हटलं, आणि आणखी जोराने दाबलं. मला रडू आलं होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

मग मी उठले. पदर उचलला तो शेंदराने माखलेला. पिवळंधमक नवं लुगडं, हलके बरा होऊन पहिल्या पानांच्या विक्रीतून आणलेलं, त्याचा सत्यानाश. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झटकायला म्हणून पदर उजेडात धरला आणि माझे हात तिथेच थांबले.

पदरावर दोन पावलं उमटली होती. दहाही बोटं. टाच जरा पुसट, पण बोटं अशी की अंगठ्याशेजारच्या बोटातल्या जोडव्याची खाचही दिसावी.

मी पंडितजींना दाखवली. त्यांनी हात जोडले, मला नव्हे, पदराला. म्हणाले, "दुमडू नका, माताजी. ओली आहेत."

मी पदर दोन्ही हातांवर ताणून धरला आणि चालू लागले. डोक्यावर काही नाही, गुडघ्यांचा विसर पडलेला. मागून बिट्टन ओरडली, "जिज्जी, अशी काय चालतेयस? पदरात विंचू पडला का?"

"बघ ये."

ती आली, बघितलं. तिने पदराचं दुसरं टोक धरलं. मग आणखी दोघी आल्या, खालून हात दिला. ज्यांचं दर्शन व्हायचं होतं त्या दर्शन घेऊन मागून पळत येत होत्या. कुणी न सांगता गाणं सुरू झालं. कोठारांपुढचे जवान समोरच बघत होते, पण त्यांचे डोळे आमच्याबरोबर सरकत होते, ते मी पाहिलं.

दरवाजाशी आलो आणि घोडं अडलं. दिंडीतून जायचं म्हणजे वाकायचं, पदर गोळा करायचा, एकेकीने निघायचं. पावलं पुसली जाणार. शिवाय पहाऱ्यावरच्या जवानाने हात आडवा केला. "आतलं काहीही बाहेर नेता येत नाही."

"सुभेदार साहेबांना बोलाव," मी म्हटलं.

सुभेदार बाहेरून दिंडीतून वाकून आत आले. "काय झालं?"

"साहेब, माझी सून तुमची रेघ ओलांडत नाही. तुम्ही तिची ज्योत आत घेत नाही. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून मी पावलंच दारापर्यंत आणली."

त्यांनी पदराकडे पाहिलं. खाली वाकून पाहिलं. मी म्हटलं, "मोठा दरवाजा उघडा. यातून वाकून नेली तर पुसतील."

"माताजी, तो दरवाजा फक्त दारूगोळ्याच्या गाडीसाठी उघडतो. नाहीतर जनरल साहेबांसाठी."

"मग तुमचे जनरल हिच्यापेक्षा मोठे असतील तर राहू द्या."

मागे कुणीतरी बाई फिसकन हसली. सुभेदार हसले नाहीत. ते उभे राहिले, एकदा मागे कोठारांकडे पाहिलं, एकदा बाहेर रेघेकडे, मनात काहीतरी मोजमाप केलं. रेघ दरवाजापासून चांगली लांब आहे. मग ते खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. सुभेदाराने पहाऱ्यावर बूट काढलेले मी आयुष्यात पाहिले नाहीत. बूट भिंतीला नीट जोडीने लावून ठेवले आणि जवानाला म्हणाले, "उघड." आणि मला, "ज्योत रेघेच्या बाहेर, पावलं आत. रेघ ती रेघ, माताजी."

"मला रेघ मान्य आहे," मी म्हटलं. "तुमच्या रेघेमुळेच देवी इतकी नीटनेटकी राहिलीय."

दोन जवानांनी अडसर काढला. तेल दिलेला दरवाजा, जराही कुरकुरला नाही. दोन्ही फळ्या उघडल्या आणि आम्ही सगळ्या न वाकता बाहेर आलो.

अनोखी होती तिथेच होती. हलके तिच्या डोक्यावर आपला गमछा धरून उभा. ओठ कोरडे, घट छातीशी, ज्योत जळत होती. मी रेघेच्या आत मांडी घालून बसले, मांडीवर पदर पसरला, पावलांची बोटं रेघेकडे केली.

"ठेव बहू, ज्योत," मी म्हटलं. "तुझ्या देवीचे पाय आलेत."

तिने ठेवली नाही. ती खाली बसली, पदराकडे टक लावून पाहिलं. बाकीच्या बायका गाणं थांबवून गोल उभ्या. मला वाटलं आता ही रडेल, पाया पडेल, संपेल एकदाचं. पण ही अनोखी. तिने दवाखान्यातल्या भिंतीशी जसा हिशेबाने नवस बोलला होता, तशीच ती आता बघत होती. यात काही खोट निघाली तर हलकेच्या जिवावर बेतणार होतं, तिच्या लेखी.

"अम्मा," ती म्हणाली, "पाय तिचेच आहेत, ते दिसतंय. पण तिला विचारलंत का? न विचारता देवीला असं दारात उचलून आणलं तर ते माझ्या नवसात धरलं जाईल का?"

बिट्टनने माझ्याकडे पाहिलं. सुभेदारांनीही पाहिलं. मी आत भांडले होते, रडले होते, पण हे विचारलं नव्हतं. येतेस का, असं तिला कोणी म्हणतच नाही. आपण जातो तिच्याकडे. मागायचं ते मागतो, द्यायचं ते देतो आणि संध्याकाळच्या आत परत येतो, मागे दरवाजा बंद होतो.

"विचारलं," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, इतकी वर्षं सगळे आत येतात, पण चल दारापर्यंत, असं मला म्हणणारं कोणी भेटलं नाही. म्हणाली, ने बाई."

हे मी बनवून सांगितलं की ती खरंच म्हणाली, मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. तोंडातून निघालं तेव्हा मला माझाच आवाज ओळखू येईना. इतकी वर्षं मी त्या कपारीत जात होते. तिला बाहेरचं काही दिसत नसेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अनोखीचे डोळे भरून आले, आणि तिने मान वर करून हलकेला म्हटलं, "अहो, जरा सरका ना. तिला बाहेरचं दिसू दे."

हलके घाईने बाजूला झाला. बिट्टन सरकली, बायका सरकल्या, टेबलापाशी बसलेले जवान उठून बाजूला झाले, आणि सुभेदार जमवाल अनवाणी दोन पावलं मागे गेले. खालचे पानमळे, गाव, बाजाराचा रस्ता, सगळं मोकळं झालं. मग अनोखीने ज्योत रेघेला टेकवून पावलांशी ठेवली.